मेण, तडे आणि नाव : उज्जैनच्या भेरूगढ बाटिकची ओळख

उज्जैनला जाणारा गोमंतकीय यात्रेकरू महाकालेश्वराचे दर्शन आटोपून बहुधा शहराच्या उत्तरेकडे, कालभैरवाच्या मंदिराकडे वळतो. मद्याचा नैवेद्य स्वीकारणारे दैवत म्हणून हे स्थान सर्वश्रुत आहे. क्षिप्रेकाठच्या या परिसराला भेरूगढ म्हणतात आणि त्या नावात भैरवच आहे. या वस्तीची आणखी एक ख्याती आहे, ती मात्र यात्रेच्या धावपळीत अनेकांच्या नजरेतून सुटते. येथील घराघरांत सुती कापडावर वितळलेले मेण लावून रंगकाम केले जाते. ते उज्जैनचे बाटिक होय. २०२३ साली या कलेला भौगोलिक मानांकन मिळाले. योगायोग असा की, गोव्याच्या बेबिंकालाही याच वर्षी हा मान लाभला.

हातांची कारागिरी हे आज जगभरातील उंची फॅशनगृहांचे मोठे भांडवल झाले आहे. संग्रहालये उभारणे, पुस्तके प्रसिद्ध करणे, कारागिरांना घेऊन विशेष संग्रह सादर करणे, हे उद्योग ही गृहे हौसेने करतात आणि त्यातून आपल्या नावाची किंमत वाढवतात. कारागिरी भेरूगढातही आहे आणि तिला स्वतःची कथाही आहे. तरीही तेथील चादर वा ओढणी बाजारात स्वस्त वस्तू म्हणूनच विकली जाते. असे का होते, हे समजण्यासाठी आधी ही कला समजून घ्यावी लागते.

मराठ्यांचे उज्जैन, छिपांचे भेरूगढ

मराठी वाचकाला उज्जैन परके नाही. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात राणोजी शिंदे यांच्या अमलात, त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांच्या पुढाकाराने महाकालेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार झाला. दौलतराव शिंदे यांनी १८१० मध्ये ग्वाल्हेरनजीक लष्कर येथे राजधानी हलवेपर्यंत उज्जैन हेच शिंदेशाहीचे मुख्य ठाणे होते.

माळव्यातील कापड छापण्याची परंपरा मोठी आहे. धार जिल्ह्यातील बाग, नीमच जिल्ह्यातील तारापूर आणि उज्जैनचे भेरूगढ ही तिची प्रमुख केंद्रे. भेरूगढचे कारागीर मुख्यत्वे छिपा समाजाचे आहेत. छापणारा तो छिपा. त्यांचे पूर्वज राजस्थान आणि गुजरातकडून येथे आल्याचे सांगितले जाते. भिल्ल आणि इतर ग्रामीण समाजांतील स्त्रियांचे घागरे, लुगडी, ओढण्या लाकडी ठशांनी छापून देणे हे त्यांचे जुने काम. गिऱ्हाईक आजूबाजूच्या गावांतले, आणि कोणत्या समाजाला कोणता रंग व कोणती नक्षी लागते हे छापणाऱ्याला तोंडपाठ. गिरणीचे आणि पुढे कृत्रिम धाग्याचे स्वस्त छापील कापड खेड्यापाड्यांत पोहोचले, तसे हे गिऱ्हाईक ओसरले. आज भेरूगढ म्हटले की प्रथम बाटिकच आठवते. साड्या, ओढण्या, पोशाखाचे कापड आणि चादरी ही तेथील मुख्य उत्पादने आहेत.

मेणाचे तंत्र

बाटिकचे तत्त्व साधे आहे. जेथे मेण असेल तेथे रंग चढत नाही. म्हणजे कारागीर नक्षी रंगवत नाही, तो नक्षी राखून ठेवतो.

प्रथम सुती कापड धुऊन त्यातील खळ काढली जाते. अन्यथा रंग धाग्यात मुरत नाही. मग मेण वितळवून त्यात राळ मिसळतात. मेणाला लवचीकपणा असतो, तर राळेमुळे ते कापडाला घट्ट धरते आणि कडक होते. या दोहोंचे प्रमाण हीच खरी मेख. मेण अधिक थंड असेल तर ते कापडाच्या वरच राहते आणि रंग खालून शिरतो. अधिक तापले तर ते पसरून नक्षीची कड बिघडते. कुंचल्याने, लेखणीने किंवा ठशाने हे मेण लावले जाते. वेलबुट्टी, पक्षी, हत्ती, भौमितिक आकृत्या असे अनेक विषय त्यात येतात.

यानंतर रंगाची पाळी. गरम रंगात मेण वितळेल, म्हणून थंड पाण्यात चढणारेच रंग वापरावे लागतात. फिकट रंगाकडून गडद रंगाकडे हा क्रम ठरलेला असतो. पांढरे राखायचे तेवढ्यावर मेण लावून कापड पिवळ्यात बुडवायचे. ते वाळल्यावर पिवळे राखायचे तेवढ्यावर मेण लावून तांबड्यात बुडवायचे. शेवटी काळा किंवा गडद निळा. तीन रंगांचे कापड म्हणजे तीन वेळा मेण, तीन वेळा रंग आणि तीन वेळा वाळवण. चूक झाली तर पुसता येत नाही. शेवटी कापड उकळत्या पाण्यात टाकले की मेण सुटते आणि पाण्यावर तरंगते. ते गोळा करून पुन्हा वापरात आणले जाते.

कापड हाताळताना, चुरगळताना वाळलेल्या मेणाला बारीक तडे जातात. त्या तड्यांतून रंग आत झिरपतो आणि नक्षीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा उमटतात. एका कापडावरील रेषांचे जाळे दुसऱ्यावर तसेच उमटत नाही. अस्सल बाटिक ओळखण्याची ही पहिली खूण.

जावापासून शांतिनिकेतनपर्यंत

बाटिक हा शब्द इंडोनेशियातून जगभर गेला. जावा बेटावर तांब्याच्या बारीक तोटीच्या लेखणीने मेण लावण्याची कला परमोत्कर्षाला पोहोचली. २००९ मध्ये युनेस्कोने इंडोनेशियाच्या बाटिकला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. भारतात या कलेला आधुनिक काळात प्रतिष्ठा मिळवून देण्याचे श्रेय शांतिनिकेतनकडे जाते. रवींद्रनाथ ठाकूर १९२७ मध्ये जावाला गेले होते. त्यानंतर तेथील कलाभवनात बाटिक रुजले आणि कापडावरून चामड्यावरही गेले. गुजरातमध्ये कच्छच्या मुंद्रा परिसरात खत्री कारागीर ठशांनी मेण उमटवून बाटिक करतात. उज्जैन हे या देशी परंपरेतील एक महत्त्वाचे ठाणे आहे.

ज्याचे नाव, त्याची किंमत

मेणाच्या तड्याची कथा उद्बोधक आहे. एकोणिसाव्या शतकात डच व्यापाऱ्यांनी जावाच्या बाटिकची यंत्रावर नक्कल सुरू केली. हेलमंड येथे १८४६ मध्ये स्थापन झालेली व्हलिस्को ही त्यांतील ख्यातनाम कंपनी. यंत्राने लावलेल्या राळेला तडे जात आणि नक्षीत रेषा उमटत. नितळ कामाची सवय असलेल्या जावातील ग्राहकांना त्या रेषा दोष वाटल्या. पश्चिम आफ्रिकेत मात्र त्याच रेषा लोकांना भावल्या. हे कापड तेथे इतके रुजले की, आज ‘वॅक्स’ म्हटले की आफ्रिकेचे वस्त्र डोळ्यांसमोर येते.

पॅरिसच्या दिओर या फॅशनगृहाने एप्रिल २०१९ मध्ये मोरोक्कोतील माराकेश येथे आपला संग्रह सादर केला, तेव्हा हेच मेणछाप कापड त्याच्या केंद्रस्थानी होते. ते आयव्हरी कोस्टमधील आबिजान येथील युनिवॅक्स या कारखान्यात तयार झाले होते आणि दिओरने त्या कारखान्याचे नाव उघडपणे जाहीर केले. याच गृहाने ३० मार्च २०२३ रोजी मुंबईत गेटवे ऑफ इंडियासमोर संग्रह मांडला आणि मुंबईच्या चाणक्य या भरतकाम संस्थेचा गौरव केला. त्यापूर्वी अनेक वर्षे युरोपातील उंची वस्त्रांवरचे भरतकाम मुंबईत होत असे, पण वस्त्रावर नाव केवळ पॅरिसचे वा मिलानचे असे.

नाव न घेतल्यास काय होते, हे जून २०२५ मध्ये महाराष्ट्राने पाहिले. मिलान येथे प्रादाने सादर केलेल्या पादत्राणांचा घाट थेट कोल्हापुरी चपलेचा होता. उल्लेख मात्र कोठेच नव्हता. टीकेचा भडिमार झाल्यावर भारतीय कारागिरीपासून प्रेरणा घेतल्याचे प्रादाने मान्य केले. कोल्हापुरी चपलेला २०१९ पासून महाराष्ट्र आणि कर्नाटकातील आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन होते. तरीही प्रकरण न्यायालयात गेले तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने जनहित याचिका फेटाळली. मानांकनाचे नोंदणीकृत धारक स्वतः दाद मागू शकतात, हे त्यातून स्पष्ट झाले. कायद्याने हक्क मिळतो. तो बजावण्याचे काम मात्र हक्कधारकालाच करावे लागते.

कोलवाळचा धडा

फॅशनगृह आणि लोकवस्त्र यांची भेट वेगळ्या रीतीनेही होऊ शकते. त्याचे उदाहरण गोव्यातच आहे. वेंडेल रॉड्रिक्स यांनी आपले फॅशनगृह गोव्यातून चालवले. सुटसुटीत कट, पांढरा रंग, नैसर्गिक तंतू ही त्यांच्या संग्रहांची ओळख. २०१० च्या सुमारास त्यांनी कुणबी साडीकडे लक्ष वळवले. कष्टकरी स्त्रियांचे तांबड्या-पांढऱ्या चौकड्यांचे हे जाडेभरडे लुगडे तेव्हा हातमागावरून जवळजवळ नाहीसे झाले होते. रॉड्रिक्स यांनी ते पुन्हा विणून घेतले, आजच्या नेसण्याला पुरेल असे केले आणि राष्ट्रीय व्यासपीठावर नेले. तेथे त्यांनी त्याला स्वतःचे नाव दिले नाही; ते कुणबी साडी म्हणूनच मांडले.

त्यांचे इतर उद्योगही याच दिशेचे होते. ‘मोडा गोवा’ हा गोव्याच्या वेशभूषेचा इतिहास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘पोस्केम’ हे पुस्तक २०१७ मध्ये आले. कोलवाळच्या आपल्या जुन्या घरात गोमंतकीय वस्त्रांचे संग्रहालय उभारण्याचा त्यांनी ध्यास घेतला आणि त्यासाठी फॅशनगृहाची सूत्रे सहकारी शुलेन फर्नांडिस यांच्याकडे सोपवली. २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १२ फेब्रुवारी २०२० रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या कामातून शिकण्यासारखे हे की, फॅशनगृहाने आपले वजन लोककलेच्या नावामागे उभे केले तर त्या कलेची पत वाढते. भेरूगढला असा पाठीराखा हवा आहे.

मानांकनानंतर काय?

भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ चा असून तो सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. नोंदणी दहा वर्षांसाठी असते आणि तिचे नूतनीकरण करता येते. मानांकन मिळाले म्हणजे प्रत्येक कारागिराला आपोआप संरक्षण मिळाले, असे नाही. ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून त्याला स्वतंत्र नोंदणी करावी लागते. फेणीला २००९ मध्ये मानांकन मिळाल्यानंतरचा काळ पाहिलेल्या गोमंतकीयांना, प्रमाणपत्र आणि बाजार यांत किती अंतर असते, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

शिवाय मानांकन नावाचे रक्षण करते, नक्षीचे नव्हे. बाटिकसारखी दिसणारी नक्षी, तड्यांच्या रेषांसह, आज यंत्रावर काही मिनिटांत छापता येते. असे कापड ‘उज्जैन बाटिक’ या नावाने विकणे बेकायदा आहे. पण नुसते ‘बाटिक डिझाइन’ म्हणून विकले तर या कायद्याचा हात तेथे पोहोचत नाही. अशा वेळी जाणता ग्राहक हाच कारागिराचा आधार उरतो.

दुसरा प्रश्न पाण्याचा. या कामाला धुण्यापासून मेण सोडवण्यापर्यंत मुबलक पाणी लागते. क्षिप्रा ही पवित्र असली तरी बारमाही भरून वाहणारी नदी नाही. २०१४ पासून तिच्यात नर्मदेचे पाणी आणून सोडले जाते. रंगाचे पाणी शुद्ध न करता सोडले तर ते याच नदीला जाऊन मिळणार. काही ॲझो रंगांतून घातक द्रव्ये सुटत असल्याने जर्मनीने आणि पाठोपाठ भारतानेही त्यांवर १९९० च्या दशकात बंदी घातली. सुरक्षित रंग, सांडपाण्यावर प्रक्रिया आणि गरम मेणाचा धूर बाहेर जाईल अशी जागा, यांसाठी पैसा लागतो. चादरीच्या आजच्या किमतीत तो निघत नाही. उंची बाजारात कापडाचा शुद्धपणा तपासला जातो, म्हणून तेथे पोहोचण्यासाठी आधी हा खर्च करावा लागतो. हा तिढा एकेकट्या कारागिराला सुटणारा नाही. तेथे सहकारी संस्था आणि शासन यांनीच पुढे यायला हवे.

खरेदी करताना

उज्जैनचा पुढील सिंहस्थ २०२८ मध्ये आहे. तेव्हा बाजारात अस्सल आणि नकली दोन्ही माल असेल. घेताना कापड उलटून पाहावे. मेणाच्या बाटिकमध्ये रंग दोन्ही बाजूंनी मुरलेला असतो. छापील नकलेची मागची बाजू सहसा फिकी असते. दोन जागांच्या तड्यांच्या रेषा ताडून पाहाव्यात. त्या हुबेहूब सारख्या असतील तर ते यंत्राचे काम. नव्या कापडाला मेणाचा किंचित वास असतो. मानांकनाची खूण आहे का, हे विचारावे आणि शक्य असल्यास भेरूगढात जाऊन करणाऱ्याकडूनच घ्यावे. कालभैरवाच्या दर्शनाला आपण जातोच, कारखाने त्याच वाटेवर आहेत. विकत घेतलेली वस्तू भेट देताना ‘मध्य प्रदेशातील चादर’ न म्हणता ‘भेरूगढचे बाटिक’ म्हणावे. कोल्हापुरी चपलेबाबत आपण प्रादाकडून जो उल्लेख मागितला, तो भेरूगढच्या छिपालाही आपल्याकडून मिळायला हवा.