खवाट्यातली उसण

मागावर बारा तास उभं राहणाऱ्याचे पाय दुखत असतील, असं कुणालाही वाटेल. सोलापुरातून भिवंडीत माग चालवायला आलेल्या माझ्या वडिलांची तक्रार मात्र कायम उजव्या खवाट्याची. कांडी संपली की माग थांबवायचा, धोटा काढायचा, नवी कांडी भरायची. तार तुटली की वाकून ती शोधायची. चार-सहा माग सांभाळताना मान खाली आणि हात पुढे ताणलेला.

इथला विणकर आधी हातमागावरचा. १८५७ नंतर उत्तरेकडून मोमीन विणकर आले, पुढे तेलंगणातले पद्मशाली. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरणी संप सुरू झाला आणि गिरण्यांचं बरंच काम भिवंडीच्या यंत्रमागांकडे वळलं. माणसं वाढली, त्यांची दुखणीही.

त्यांवर उपाय घरात नाहीतर तालमीत. उसण भरली की आजी पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी आलेला, माणूस शोधायची. त्याने पाठीला पाय लावला की उसण जाते, ही समजूत जुनी. मला वाटतं, गुण येत असेल तो पायाच्या दाबाने. तालमीतले मालीशवाले चाचा मोहरीच्या तेलात लसूण नि ओवा तळून घ्यायचे. दुखऱ्या जागेला आधी हात लावायचेच नाहीत. मानेच्या मुळापासून खांद्याच्या टोकापर्यंत अंगठा दाबत न्यायचे, मग वडिलांचा हात पाठीमागे दुमडायचे. खवाटा वर उचलला की त्याच्या कडेखाली बोटं सरकवून गाठ सोडवायचे.

खवाट्याच्या कडेशी असंच काम चीनमधल्या त्वीना या मर्दनातही चालतं. तिथे ते बहुधा कपड्यावरून, तेलाशिवाय करतात. मानेखांद्यावर हाताची मागची बाजू लाटण्यासारखी फिरवतात. पण चाचांची विद्या तालमीतच राहिली, तर शांघायमध्ये १९५६ साली त्वीना शिकवायचे वर्ग निघाले, पुढे रुग्णालयांत विभाग झाले. चिनी वैद्यकातलं काही इकडेही आलं. वडिलांच्या सोलापूरचेच डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. त्यांच्या पथकातले डॉ. बसू नंतर पुन्हा चीनला जाऊन अ‍ॅक्युपंक्चर शिकून आले. चिनी सुईला इथे दवाखाना मिळाला, चाचांच्या अंगठ्याला नाही. याचं मला फार वाईट वाटतं. अंगठा गरिबाचा होता आणि त्याखालचा खांदाही गरिबाचाच, म्हणून ही विद्या कुणी नीट लिहून ठेवली नाही.

मालीश झाली की सुट्टीला अकलोली. भिवंडी तालुक्यातच तानसा नदीकाठी गरम पाण्याची कुंडं आहेत. जवळच वज्रेश्वरीचं देऊळ, वसई जिंकल्यावर चिमाजी अप्पांनी नवस फेडायला बांधलेलं. आधी मालीश, मग कुंड, हा क्रम वडील कधी मोडू देत नसत. तेलाने सैल झालेला खांदा गंधकाच्या पाण्यात चांगला शेकून निघतो, असं ते सांगत. तो उतारा जेमतेम आठवडाभर पुरायचा.