मंत्रिमंडळात आपला कोण?

श्रोतेहो, डिसेंबर २०२४ मधली गोष्ट. महाराष्ट्रात नवे मंत्रिमंडळ आले होते. १५ तारखेला नागपुरात ३९ मंत्र्यांनी शपथ घेतली आणि त्यानंतर आठवड्याने खातेवाटप जाहीर झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाईंदर स्टेशनाबाहेरून उत्तनच्या बसमध्ये बसलो. शेजारी एक वयस्क कोळी गृहस्थ होते. माझ्या हातातल्या वर्तमानपत्रातली ती लांबलचक यादी पाहून त्यांनी विचारले, ‘‘मास्तर, यात आपला कोन हाय का?’’

मी बोट ठेवून दाखवले. प्रताप सरनाईक, ओवळा-माजिवड्याचे आमदार, परिवहन खाते. मीरा-भाईंदरचा काही भाग त्यांच्या मतदारसंघात येतो. गृहस्थांनी मान डोलावली आणि लगेच दुसरा प्रश्न टाकला, ‘‘आन् मासळीचं खातं कोनाकडे?’’

मत्स्यव्यवसाय खाते सिंधुदुर्गातल्या कणकवलीचे आमदार नितेश राणे यांच्याकडे गेले होते. ते ऐकून गृहस्थ गप्प झाले. पण त्यांचे ते दोन प्रश्न माझ्या डोक्यातून जाईनात. ‘आपला कोण?’ आणि ‘आपले काम कोणाकडे?’ आज आपणांशी बोलायचे आहे ते या दोन प्रश्नांबद्दलच. नवा नेता आला की मंत्रिमंडळाची यादी आपण सगळेच वाचतो. पण ती वाचावी कशी, हे इतिहासाकडून शिकण्यासारखे आहे.

थोडे मागे जाऊ. १९ जुलै १९३७ रोजी बाळासाहेब खेर मुंबई प्रांताचे पंतप्रधान झाले. होय, त्या वेळी प्रांताच्या प्रमुखालाही पंतप्रधानच म्हणत. त्यांच्या मंत्रिमंडळात ते धरून माणसे होती अवघी सात. अर्थखाते अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे. हे पूर्वी कोल्हापूर संस्थानचे दिवाण होते. गृहखाते कन्हैयालाल मुनशींकडे, महसूल मोरारजी देसाईंकडे, आरोग्य डॉक्टर गिल्डर यांच्याकडे. शिवाय एल. एम. पाटील आणि नुरी. नावे नीट पाहा. मराठी आहे, गुजराती आहे, पारशी आहे, मुसलमान आहे. प्रांत अनेक भाषांचा आणि अनेक धर्मांचा, तेव्हा यादीही तशीच. पगार काँग्रेसच्या ठरावाप्रमाणे दरमहा पाचशे रुपये.

म्हणजे ‘आपला कोण?’ हा प्रश्न काही आजचा नव्हे. लोकांनी निवडलेले सरकार जेव्हा प्रथम आले, तेव्हापासून तो यादीच्या मागे उभा आहे. आणि त्यात गैर काय? ज्या मुलखाचा माणूस कारभारात नाही, त्या मुलखाचे गाऱ्हाणे सांगणार कोण?

हीच शंका पुढे विदर्भाला आणि मराठवाड्याला आली. संयुक्त महाराष्ट्राची मागणी जोरात होती. पण नागपूरकरांना वाटे, मुंबई-पुण्याच्या राज्यात आपल्याला विचारील कोण? म्हणून २८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करार झाला. त्यात स्पष्ट लिहिले की सरकारात प्रत्येक विभागाला त्याच्या लोकसंख्येच्या प्रमाणात जागा मिळाव्यात. सोयरीक ठरण्याआधी दोन्ही घरांनी देण्याघेण्याची याद करावी, तसाच हा प्रकार.

याद झाली, पण घर मात्र वेगळेच मिळाले. १ नोव्हेंबर १९५६ ला विशाल द्वैभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले. कच्छ-सौराष्ट्रापासून चांद्यापर्यंत एकच राज्य! नेतेपदाच्या निवडणुकीत यशवंतराव चव्हाणांनी भाऊसाहेब हिरे यांचा ३३३ विरुद्ध १११ मतांनी पराभव केला. वय बेचाळीस-त्रेचाळीस, आणि पुढ्यात काय? निम्मा महाराष्ट्र द्वैभाषिकावर रागावलेला, तिकडे गुजरातही नाखूश. जुन्या मध्य प्रदेशाच्या कारभारातून आलेले कन्नमवार आणि वसंतराव नाईक, मराठवाड्यातून उपमंत्री म्हणून आलेले शंकरराव चव्हाण, अर्थखात्यावर गुजरातचे डॉक्टर जीवराज मेहता. निरनिराळ्या राज्यांच्या दप्तरांत वाढलेली ही माणसे यशवंतरावांना एका टेबलाभोवती बसवावी लागली.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. जीवराज मेहता गुजरातचे पहिले मुख्यमंत्री होऊन गेले आणि यशवंतरावांनी नव्या घराची मांडामांड केली. त्या मंत्रिमंडळातली काही नावे मी आपणांस जिल्ह्यांसकट सांगतो. स्वतः मुख्यमंत्री कराडचे. बाळासाहेब देसाई पाटणचे, तेही सातारा जिल्ह्यातलेच. मारोतराव कन्नमवार चांद्याचे, म्हणजे आजच्या चंद्रपूरचे. वसंतराव नाईक यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे. शेषराव वानखेडे नागपूरचे. शंकरराव चव्हाण नांदेडचे. बाळासाहेब सावंत रत्नागिरीकडचे. शांतिलाल शहा मुंबईचे. नकाशा पुढे घेऊन प्रत्येक नावाला एक टिकली लावा. नागपूर कराराची याद डोळ्यांसमोर उभी राहील.

पण श्रोतेहो, इथेच आपण थांबतो आणि इथेच चुकतो. टिकली लागली म्हणजे काम झाले असे नाही. आता त्या उत्तनच्या गृहस्थांचा दुसरा प्रश्न घ्या.

शंकररावांकडे पाटबंधारे खाते आले. गोदावरीवर पैठणला जायकवाडीचे धरण बांधायचे ठरले. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. तोपर्यंत शंकरराव मुख्यमंत्री झाले होते. इथे मुलूख आणि खाते यांची गाठ पडली. कोरडवाहू मराठवाड्याचा माणूस पाण्याच्या खात्यावर बसला, आणि त्याच्या नजरेचा उपयोग झाला.

दुसरे उदाहरण याच्या उलट आहे आणि मला ते अधिक मोलाचे वाटते. महसूलमंत्री वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली १९६० मध्ये एक समिती नेमली गेली. गावचा कारभार गावाच्या हाती कसा द्यावा, हा तिच्यापुढचा विषय. तिच्या शिफारशींवरून १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्या. त्या काय फक्त यवतमाळला मिळाल्या? ठाण्याला मिळाल्या, रत्नागिरीला मिळाल्या, बीडला मिळाल्या. आमचे मीरा-भाईंदर तेव्हा मिठागरांची, भातशेतीची आणि मासेमारीची खेडी. १९८५ मध्ये इथे नगरपरिषद झाली, २००२ मध्ये महानगरपालिका. पण त्यापूर्वीची वीस-बावीस वर्षे इथल्या ग्रामपंचायती त्याच नव्या व्यवस्थेत नांदल्या. पुसदच्या माणसाने खाडीकाठच्या गावांचे काम केले. मग ‘आपला’ कोणाला म्हणायचे?

मंत्र्याची खरी कसोटी ती ही. त्याची टिकली एका जिल्ह्यावर असते, पण त्याचे खाते साऱ्या राज्याचे असते. आपल्या घटनेनेही हेच सांगितले आहे. मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्याने राज्यपाल मंत्री नेमतात, पण १६४ वे कलम म्हणते की मंत्रिमंडळ विधानसभेला सामुदायिकपणे जबाबदार असते. एकेकट्याने नव्हे, सगळ्यांनी मिळून. एका नांगराला जुंपलेल्या बैलांपैकी एकच ओढू लागला तर तास वाकडे जाते, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

टिकल्यांचाच हव्यास धरला तर काय होते, तेही देशाने पाहिले. १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात कल्याणसिंगांचे मंत्रिमंडळ ९३ जणांचे झाले. पाठिंबा देणारा प्रत्येक गट संभाळायचा, दुसरे काय! म्हणून २००३ च्या घटनादुरुस्तीने बंधन घातले: विधानसभेच्या सदस्यसंख्येच्या शेकडा पंधराहून अधिक मंत्री नकोत, आणि बाराहून कमीही नकोत. महाराष्ट्राचे आमदार २८८. तेव्हा फार तर ४३ मंत्री. पण २०२२ मध्ये दुसरे टोक दिसले. ३० जूनला एकनाथ शिंदे आणि देवेंद्र फडणवीस या दोघांनी शपथ घेतली आणि ९ ऑगस्टपर्यंत राज्याचे मंत्रिमंडळ दोघांचेच होते. त्या दिवशी आणखी १८ जण आले. त्यांत बाई एकही नव्हती. डिसेंबर २०२४ मध्ये फडणवीस मुख्यमंत्री झाले, शिंदे व अजित पवार उपमुख्यमंत्री झाले आणि एकूण संख्या ४२ वर गेली. तीन पक्षांची वाटणी, विभागांची वाटणी, आणि या खेपेला चार महिला. नागपूर करारातली याद मुलखांची होती; आता तिच्यात पक्षही आले आणि स्त्रियांचा न्याय्य हक्कही आला.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवतो. नवे मंत्रिमंडळ आले की वर्गात महाराष्ट्राचा नकाशा टांगा. मुलांना नावे पाठ करायला लावू नका. प्रत्येक मंत्र्याची टिकली लावून घ्या आणि टिकली नसलेले जिल्हे कोणते ते मुलांनाच शोधू द्या. मग शेजारी दुसरा कागद लावा: आपल्या गावाला पाणी कोणत्या खात्याचे, रस्ता कोणत्या खात्याचा, शाळा कोणाची, आणि ते खाते कोणाकडे. वर्षभराने तोच कागद पुन्हा काढा आणि विचारा, काय झाले?

बस उत्तनला पोचली. गृहस्थ उतरले, वळून म्हणाले, ‘‘मास्तर, त्यो कनकवलीचा असंना का, दर्या तर योकच हाय.’’ मला जे सांगायला इतका वेळ लागला, ते त्यांनी बसच्या पायरीवरून एका वाक्यात सांगितले. कणकवलीच्या माणसाला उत्तनचा दर्या दिसतो की नाही, हे पाहत राहणे तेवढे आपले काम.