फिरते हौशी रेडिओ केंद्र

हौशी रेडिओचालकांनी प्रेषक, ग्राही, आकाशक व स्वतंत्र वीजपुरवठा बसवून आपत्कालीन संदेशवहनासाठी सज्ज केलेले वाहन. पूर, भूकंप किंवा चक्रीवादळ यांत दूरध्वनी व वीजपुरवठा पुष्कळदा एकाच वेळी बंद पडतात. अशा वेळी घरातील केंद्रही निकामी ठरू शकते. म्हणून केंद्रच आपद्‌ग्रस्त भागात नेण्याची पद्धत रूढ झाली.

अमेरिकेतील ओहायओ राज्यात मार्च १९१३ मध्ये आलेल्या महापुरात हौशींनी स्थिर केंद्रांवरून संदेश पोहोचविले. १९१४ मध्ये ‘अमेरिकन रेडिओ रिले लीग’ ही संघटना स्थापन झाली. तिने १९३३ मध्ये ‘फील्ड डे’ हा वार्षिक सराव सुरू केला. त्यात घराबाहेर तात्पुरती केंद्रे उभारून चालविण्यावर भर होता. १९३५ मध्ये तिने आपत्कालीन दल उभारले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत हौशींचे नेहमीचे प्रेषण बंद होते. युद्धानंतर लष्कराची शिल्लक सामग्री स्वस्तात मिळू लागल्याने मोटारींतील केंद्रे वाढली.

प्रारंभीची मुख्य अडचण विजेची होती. इलेक्ट्रॉन नलिकांना शेकडो व्होल्ट दाब लागे, तर मोटारीची घटमाला ६ व्होल्टची असे. त्यामुळे कंपक किंवा डायनॅमोटर यांच्या साहाय्याने दाब वाढवीत. ट्रँझिस्टरमुळे संच थेट १२ व्होल्टवर चालू लागले. तथापि १०० वॉटचा संच प्रेषणाच्या वेळी सु. २० अँपिअर प्रवाह घेतो. म्हणून घटमालेपासून फ्यूजसह जाड तारा थेट संचापर्यंत नेतात आणि दुसरी घटमाला किंवा लहान जनित्र सोबत ठेवतात. एंजिनाच्या ठिणगी-गुडद्यांमुळे ग्रहणात येणारा खरखराट निरोधकांनी कमी करतात.

आकाशकाची लांबी तरंगलांबीवर अवलंबून असते. १४४ मेगॅहर्ट्‌झसाठी सु. अर्धा मीटर दांडी पुरते. ३·७५ मेगॅहर्ट्‌झसाठी पाव तरंगलांबी २० मी. भरते; त्यामुळे आखूड दांडीला वेटोळे जोडावे लागते व कार्यक्षमता घटते. म्हणून मुक्कामी पोहोचल्यावर झाडाला किंवा खांबाला तारेचा लांब आकाशक बांधणे श्रेयस्कर असते.

भारतात २६ जानेवारी २००१ रोजीच्या गुजरातमधील भूकंपानंतर हौशींनी भूज येथे जाऊन केंद्रे चालविली. मोबाइल दूरध्वनीच्या प्रसारानंतरही या केंद्रांचे महत्त्व टिकून आहे. कारण मनोऱ्यांनाही वीज लागते. मात्र वाहन सज्ज असणे पुरेसे नसते. घटमाला भारित ठेवणे, संदेश लिहून घेण्याची शिस्त व नियमित सराव यांवरच त्याची उपयुक्तता ठरते.