मेंढा (लेखा)

महाराष्ट्राच्या गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यातील गोंड आदिवासींचे गाव. सामूहिक वनहक्क मिळालेल्या देशातील पहिल्या गावांपैकी हे एक. लेखा गटग्रामपंचायतीत असल्यामुळे त्याचे नाव ‘मेंढा (लेखा)’ असे लिहितात. जंगलाचा कारभार कोणाच्या हाती आहे, यावर वनाश्रित गावाची रोजीरोटी कशी ठरते, हे पाहण्यासाठी अभ्यासक व कार्यकर्ते येथे येतात.

पार्श्वभूमी : गावाभोवती बांबू, साग, मोह, तेंदू, चार, आवळा यांचे जंगल आहे. घराचे कूड, टोपल्या, सुपे बांबूची; मोहफुले व चारोळी हा अन्नाचा आणि बाजाराच्या पैशाचा आधार. निस्तार हक्कानुसार घरवापरापुरता बांबू व सरपण घेण्याची मुभा होती. मात्र 1927 च्या भारतीय वन अधिनियमात बांबू वृक्षांत मोडे. त्यामुळे विक्रीचा हक्क सरकारकडे राही आणि तोडीचे पट्टे कागद कारखान्याला मिळत. गावाच्या वाट्याला येई ती मजुरी.

याचा परिणाम जंगलावरही होतो. बांबूच्या रांजीत नवे कोंब बाहेरच्या कडेला फुटतात. उक्त्या दराने काम करणारा मजूर हाताशी येणारे कडेचे कोवळे बांबूच कापत गेला, तर मधल्या जून बांबूंची दाटी तशीच राहते आणि रांजी खुरटते. पुढच्या हंगामात त्याच रांजीवर ज्याचे पोट आहे, तो आत शिरून जून बांबू काढतो.

ग्रामसभा : 1980 च्या दशकात इंचमपल्ली व भोपालपट्टनम धरणांविरुद्ध आदिवासींचे आंदोलन झाले. त्यातून स्फूर्ती घेऊन ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा गावाने स्वीकारली. देवाजी तोफा यांचे नेतृत्व आणि ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांची साथ या वाटचालीत महत्त्वाची ठरली. येथे निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होतात. त्याआधी अभ्यासगटात चर्चा होते. दारूबंदी आणि जंगल राखण्याचे नियम असेच ठरले.

वनहक्क : 2006 च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज ठरवले आणि जंगलाचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्क गावांना दिला. त्यानुसार 2009 मध्ये मेंढ्याला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर हक्क मिळाला. तरी बांबू गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना लागे आणि तो वनविभागाच्या हाती होता. 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या हस्ते परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेकडे आले. आता दर ठरवणे, मजुरी देणे आणि हिशेब ठेवणे ही कामे ग्रामसभाच करू लागली. विक्रीचे उत्पन्न तिच्याकडे जमा होऊ लागले. 2013 मध्ये गावाने ग्रामदान कायद्याखाली आपली शेतजमीनही ग्रामसभेच्या नावे करण्याचा निर्णय घेतला.

मर्यादा : बांबूच्या उत्पन्नाला निसर्गाचीच एक मर्यादा आहे. फुलोरा आला की रांजी वाळते आणि नवी उभी राहीपर्यंत काही वर्षे जातात. व्यापारी आणि बाजारभाव गावाच्या हाती नसतात. हिशेब चोख ठेवणारी माणसे गावातच तयार व्हावी लागतात. शिवाय हक्कपत्र आणि परवान्यांचे पुस्तक यांमध्ये मेंढ्याची जवळपास दोन वर्षे गेली. हक्काचा बांबू वैध परवान्यावर विकता आला, तो या पुस्तकामुळेच.