विशेष गरजा असलेल्या मुलांना शाळेत कोणती मदत मिळते?

“याला विशेष शाळेत घाला,” असे अनेक पालकांना प्रवेशाच्या वेळीच ऐकावे लागते. पण हा निर्णय शाळेने परस्पर घ्यायचा नसतो.

कायदा काय सांगतो?
दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात २१ प्रकारची दिव्यांगता येते. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि अध्ययन अक्षमता यांचाही त्यात समावेश आहे. किमान ४० टक्के दिव्यांगता असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. त्यासाठी घराजवळची शाळा किंवा विशेष शाळा यांपैकी आपल्या पसंतीची निवडता येते.

शाळेने काय करायचे?
सरकारी, अनुदानित आणि मान्यताप्राप्त शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यायचा असतो. त्यानंतर मुलाच्या गरजेनुसार सोय करायची असते. व्हीलचेअर वापरणाऱ्या मुलाचा वर्ग तळमजल्यावर आणणे, कमी ऐकू येणाऱ्याला पुढच्या बाकावर बसवणे, कमी दिसणाऱ्याला मोठ्या अक्षरांतली प्रत देणे, अशा या सोयी असतात. शक्य असलेली वाजवी सोय नाकारणे हाही कायद्याने भेदभावच ठरतो.

न दिसणारी अडचण
डिस्लेक्सिया चेहऱ्यावर दिसत नाही. अक्षरे उलटसुलट लिहिणारे किंवा वाचताना अडखळणारे हुशार मूल मग ‘आळशी’ ठरते. ही अडचण लवकरात लवकर ओळखणे शाळेवर बंधनकारक आहे. तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळाले, तर दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळू शकतात. त्यासाठी शाळेमार्फत मंडळाकडे अर्ज करावा लागतो. दहावीपर्यंत थांबल्यास शिकण्याची आधीची वर्षे वाया जातात.

नवी मुंबईत कुठे जावे?
महापालिकेचे दिव्यांगांसाठीचे ईटीसी केंद्र वाशीत आहे. तिथे मुलांना शिक्षण, प्रशिक्षण आणि थेरपी मिळते.

पालकांनी काय करावे?
• सरकारी रुग्णालयात तपासणी करून प्रमाणपत्र घ्यावे. दिव्यांग ओळखपत्रासाठी (यूडीआयडी) स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करता येतो.
• मुलाला नेमकी कोणती सोय हवी, ते मुख्याध्यापकांना लेखी कळवावे आणि पोच घ्यावी.
• शाळेने नकार दिला, तर तो लेखी मागावा. पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे तक्रार करताना हीच कागदपत्रे उपयोगी पडतात.