नांव जुनें, जिन्नस नवा

एखाद्या पदार्थाचें नांव जुन्या ग्रंथांत सांपडलें कीं तो पदार्थही तितकाच जुना, असें अनुमान पुष्कळदां करण्यांत येतें. संस्कृतांत ‘आलु’ शब्द आहे, तेव्हां आपले पूर्वज बटाटे खात असत, असें म्हणणारे गृहस्थ आजही भेटतात. हें अनुमान किती फसवें आहे, हें आपल्या स्वयंपाकघरांतील दोनचार शब्दच सांगतील.

संस्कृत ‘आलु’ किंवा ‘आलुक’ हें निरनिराळ्या खाद्य कंदांचें नांव होतें. मराठींत त्याचें ‘अळूं’ झालें, आणि ज्याच्या पानांचें आपण फदफदें करतों त्या झाडापाशीं तें स्थिरावलें. उत्तर भारतांत मात्र तेंच नांव अमेरिकेंतून आलेल्या नव्या कंदास मिळालें. फारसींतील ‘आलू’ तर निराळाच. तें एका फळाचें नांव. ‘आलुबुखार’ म्हणजे बुखाऱ्याचें तें फळ. बटाट्याशीं त्याचें कांहींच नातें नाहीं.

मग ‘बटाटा’ हें नांव तरी बटाट्याचें स्वतःचें आहे काय? तेंही नाहीं. कॅरिबियन बेटांतील ताइनो लोक या नांवानें रताळ्यास ओळखीत. १४९२ सालीं कोलंबस तिकडे पोंचल्यानंतर हा शब्द युरोपांत गेला. पुढें पोर्तुगीजांनीं तो दक्षिण अमेरिकेंतील डोंगरी कंदासही लाविला, आणि त्यांच्याकडून तो आपण घेतला. ज्याचें नांव बटाट्यानें उचललें, तें रताळें उपवासाच्या पानांत त्याच्याच शेजारीं निमूटपणें बसलेलें असतें!

मिरचीची कथा अशीच आहे. बाराव्या शतकांतील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत पाककृतींमध्यें ‘मरीच’ येतें, तें मिरें होय. वास्को द गामा १४९८ सालीं कालिकतास आला. त्यानंतर पोर्तुगीजांच्या गलबतांतून मिरची आली, आणि तिखटपणाच्या साम्यामुळें तिला मिऱ्याचेंच नांव मिळालें. हिंदींत पेरूस ‘अमरूद’ म्हणतात. फारसींत तो शब्द नासपतीचा.

तात्पर्य, नव्या जिनसेस ओळखीच्या जिनसेचें नांव देऊन घरांत घेणें ही लोकांची जुनी रीत आहे. तींत कमीपणा कांहीं नाहीं. परंतु इतिहास लिहिणारानें नांवावर न विसंबतां, त्या काळीं त्या नांवानें कोणती वस्तु ओळखली जात होती, हें प्रत्येक वेळीं पाहिलें पाहिजे. नाहीं तर आपल्या ताटांतील बटाटा आपण पूर्वजांच्या ताटांत नकळत वाढून मोकळे होऊं.