दाभोळ: पायी पाहायचे बंदर

हल्ली गाडीतच मुक्काम करत कोकण फिरणारे पुष्कळ दिसतात. धोपाव्याहून फेरीबोटीने गाडी दाभोळला उतरते आणि तशीच दापोलीकडे निघते. मंडळींनो, इथे जरा पायी फिरा. खाडीकाठची आदिलशाही मशीद पाहा, मग चढण चढून चंडिकादेवीच्या गुहेत जा. पंधराव्या शतकात आलेल्या रशियन व्यापारी अफनासी निकितीनने लिहून ठेवले आहे, की अरबस्तानातले घोडे या बंदरात उतरत आणि महिनाभर चालून बिदरला पोहोचत. तो स्वतः इथूनच होर्मुझला निघाला. १५०८ च्या डिसेंबरात पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेडाने हे भरभराटीचे शहर जाळले. शांत खाडीकडे पाहून ते खरे वाटत नाही. माझे गुडघे आता कुरकुरतात, म्हणून सांगतो, पाय धड आहेत तोवर चालून घ्या.